प्रकल्प नोंदी: वाचनालयाचा किऑस्क आणि पानं पळवणारा प्रिंटर

सोमवार, २३ सप्टेंबर २०२४

काम घेतलं. वाचनालयाच्या दारातल्या टचस्क्रीन किऑस्कवर यंदाची स्मरणिका चढवायची आहे. हा किऑस्क २००९ साली मीच बसवला होता. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन, त्याच दिवशी सकाळी उद्घाटन. स्मरणिका ४८ पानांची, वर्डमध्ये लावून तयार आहे. कार्यवाह म्हणाले, "तुमच्यासाठी अर्ध्या तासाचं काम!" हे वाक्य तारखेसकट इथे लिहून ठेवतो.

सध्याची अवस्था: किऑस्कच्या पोटात विंडोज एक्सपी, ५१२ एमबी रॅम, इंटरनेट नाही. पडद्यावर जे दिसतं ते सगळं फ्लॅशमध्ये, म्हणजे हलती चित्रं आणि बटणं दाखवणाऱ्या जुन्या तंत्रात. ब्राउझरमधला फ्लॅश प्लेअर ३१ डिसेंबर २०२० ला संपला आणि १२ जानेवारी २०२१ पासून त्यानं फायली उघडणंच बंद केलं, पण इथे ब्राउझर नाहीच. जुना सुटा प्लेअर आहे, त्याला जगात काय चाललंय याची खबर नाही, म्हणून तो चालतो. जुने अंक, हस्तलिखितं, देणगीदारांच्या याद्या, सगळं एसडब्ल्यूएफ, म्हणजे फ्लॅशच्या फायलींत. त्या बनवल्या आभासी प्रिंटरनं: वर्डमध्ये प्रिंट म्हणायचं, प्रिंटर म्हणून तो निवडायचा, कागदाऐवजी फ्लॅश फाइल बाहेर येते.

त्या काळात या जातीतला सगळ्यांत माहितीतला प्रिंटर म्हणजे मॅक्रोमीडियाचा फ्लॅशपेपर. २००५ मध्ये अडोबीनं मॅक्रोमीडिया घेतली आणि २००८ मध्ये फ्लॅशपेपरचं काम थांबवलं. आमच्याकडे त्याचा स्वस्तातला लांबचा भाऊ होता. सीडी माझ्या कपाटात मिळाली. तिच्या पाकिटावर सिरीयल नंबर पेन्सिलीनं लिहिलेला, त्यातला एक आकडा १ आहे की ७ ते कळत नाही.

हे सगळं काढून साधी एचटीएमएल (वेबसाइटसारखी) पानं का नाहीत, असं ग्रंथपाल बाईंनी विचारलं. रास्त प्रश्न. पण टचस्क्रीनचा ड्रायव्हर (यंत्राला विंडोजशी बोलतं करणारा प्रोग्राम) फक्त एक्सपीचा आहे, नवीन यंत्राचे पैसे पुढच्या वर्षीच्या अंदाजपत्रकात, आणि उद्घाटन तीन आठवड्यांवर. आत्ता जे आहे त्यावरच चढवू.

मंगळवार, २४ सप्टेंबर

ज्या पीसीवर तो प्रिंटर होता तो पावसाळ्यात गेला. ऑफिसच्या नव्या विंडोज १० वर इन्स्टॉलर पहिल्याच पायरीला नाही म्हणाला. अपेक्षित होतं. प्रिंटरचा ड्रायव्हर ३२ बिटचा, विंडोज ६४ बिटचं. साधा प्रोग्राम ३२ बिटचा असला तरी ६४ बिटच्या विंडोजवर निभावतो, ड्रायव्हर निभावत नाही.

घरी एका जुन्या लॅपटॉपवर ३२ बिटचं विंडोज ७ होतं. सिरीयलमध्ये ७ घातल्यावर इन्स्टॉल सुरळीत. मग एका ओळीचं पान छापायला दिलं. रांगेत 'स्पूलिंग' दिसलं, मग 'प्रिंटिंग', आणि तिथेच बसून राहिलं. चूक दाखवत नाही, फाइलही देत नाही. रद्द केलं तर 'डिलीटिंग' म्हणून बसतं. सर्व्हिसमधून स्पूलर (छपाईची रांग सांभाळणारा विंडोजचा भाग) बंद केला, सिस्टिम३२ च्या स्पूल फोल्डरमधल्या अडकलेल्या एसपीएल आणि एसएचडी फायली हातानं काढल्या, परत चालू केला. पुन्हा तेच.

तासभर गेल्यावर डोक्यात आलं. प्रिंटर छापायला लागला की 'फाइल कुठे ठेवू?' अशी खिडकी उघडतो. ती खिडकी उघडतो प्रिंटरचा पोर्ट (छापलेलं बाहेर पाठवणारा भाग), आणि पोर्टचा कोड चालतो स्पूलर सर्व्हिसच्या आत. एक्सपीवर यंत्रासमोर बसलेला माणूस आणि सर्व्हिसेस, म्हणजे पडद्यामागे चालणारे प्रोग्राम, एकाच सत्रात असायच्या, त्यामुळे सर्व्हिसनं उघडलेली खिडकी माणसाला दिसायची. व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टनं सुरक्षेसाठी सर्व्हिसेसना शून्य क्रमांकाच्या वेगळ्या सत्रात कोंडलं. म्हणजे माझी खिडकी उघडलेली आहे. बंद खोलीत, 'ओके' दाबणाऱ्याची वाट बघत. मी बाहेर रांग साफ करतोय.

ठरलं: आभासी यंत्रात, म्हणजे प्रोग्रामनं उभ्या केलेल्या संगणकात, एक्सपीच घालायचं. प्रिंटर आभासी, यंत्रही आभासी. मानधनही तसंच होऊ नये म्हणजे मिळवली.

गुरुवार, २६ सप्टेंबर

व्हर्च्युअलबॉक्स नावाच्या आभासी यंत्रात एक्सपी उभं राहिलं. प्रिंटर बसला, 'कुठे ठेवू?' ही खिडकी दिसली. इतका आनंद लॉटरीचं तिकीट लागूनही झाला नसता.

आनंद पान उघडेपर्यंत टिकला. नोटपॅडमधून छापलेल्या चाचणीच्या ओळीत 'किताब' होतं, बाहेर आलं ते क, मग ठिपक्यांच्या वर्तुळावर बसलेली वेलांटी, मग ताब. 'ग्रंथ' मधला र पायाशी जायचा सोडून ग आणि पाय मोडल्याची खूण यांच्या शेजारी सुटा उभा. जोडाक्षरं सगळी सुटी, जणू पहिलीच्या मुलानं पाटीवर लिहिलंय.

हा प्रिंटरचा दोष नाही. एक्सपी नव्यानं टाकलं की देवनागरीची जुळणी करणारा भाग बंद असतो. कंट्रोल पॅनेल, रीजनल ऑप्शन्स, लँग्वेजेस, तिथे 'कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट'च्या चौकटीत खूण करायची. मग तो मूळ सीडी मागतो. सीडीची इमेज जोडली, रीस्टार्ट, 'किताब' जागेवर. २००४-०५ मध्ये मी ही खूण गावातल्या निम्म्या सायबर कॅफेत केली असेन. हात विसरले होते.

शनिवार, २८ सप्टेंबर

पूर्ण स्मरणिका पहिल्यांदा छापली. ३७ पानं स्वच्छ. उरलेल्या ११ पानांवर रोमन अक्षरं, त्यांच्यावर टोप्या, टिंबं, मध्येच पौंडाचं चिन्ह.

ही अकरा पानं म्हणजे नव्वदच्या दशकातल्या अंकांतून उचललेले लेख. तेव्हा मराठी छपाईत युनिकोड (प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी पद्धत) रुळलं नव्हतं. डीटीपीचे फॉन्ट रोमन अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवायचे. फाइलमध्ये खरोखर रोमन अक्षरंच असतात, फॉन्टचा बुरखा असेपर्यंत ती मराठी दिसतात. प्रिंटरनं तो फॉन्ट एसडब्ल्यूएफमध्ये घेतलाच नाही, दुसराच चिकटवला, बुरखा गेला.

का घेतला नाही? फॉन्टच्या फाइलमध्ये परवानगीचा एक आकडा असतो. ० असेल तर खुशाल जोडा, २ असेल तर मालकाला विचारल्याशिवाय दुसऱ्या फाइलमध्ये जोडू नका. या फॉन्टमध्ये २ आहे आणि आमचा प्रिंटर त्या बाबतीत सोवळ्यातला. तो आकडा बदलून देणारी साधनं मिळतात. एका ओळखीच्या डीटीपीवाल्यानं फोनवर तोच सल्ला दिला, वर "सगळेच करतात" अशी खात्रीही. नाही केलं. ज्यांनी एकेक अक्षर काढून फॉन्ट बनवला त्यांचं पोट त्यावर होतं.

दुसरी वाट: प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'मजकूर आकृती म्हणून छापा' असा पर्याय आहे. मग फॉन्ट जातच नाही, अक्षरांच्या नुसत्या कडा जातात. पण त्या पानांवर शोध चालणार नाही. बाईंना शोध हवाच आहे. मग हे अकरा लेख युनिकोडमध्ये आणायचे. रूपांतरकानं नव्वद टक्के काम केलं असं तो सांगतो. उरलेल्यात रफार एक अक्षर पुढे, 'ऱ्ह' गायब, आणि 'कार्यकर्ते' चं 'कायर्कतेर्'. मुद्रितशोधन बाई स्वतः करतो म्हणाल्या, घरी, रात्री. कार्यवाहांना सांगू नका असंही म्हणाल्या.

सोमवार, ३० सप्टेंबर

किऑस्कवर पहिली चाचणी. स्मरणिकेच्या चित्रावर बोट ठेवलं. मुखपृष्ठ दिसलं आणि गेलं. अध्यक्षांचं मनोगत, हिशेब, जाहिराती, सगळं डोळ्यांसमोरून सरसर गेलं आणि परत मुखपृष्ठ. शिपाईमामा म्हणाले, "पिच्चर झाला की हो."

खरंच पिच्चर झाला होता. एसडब्ल्यूएफ मुळात चलच्चित्राची फाइल. आभासी प्रिंटर फक्त प्रत्येक पान एकेका चौकटीत ठेवतो. वेग सेकंदाला १२ चौकटी, पानं ४८, म्हणजे पूर्ण शतकाचा इतिहास चार सेकंदांत. एरवी पहिल्याच चौकटीत 'थांब' अशी आज्ञा असते. ती घालते प्रिंटरची स्वतःची वाचनपट्टी, आणि ती पट्टी मी बंद ठेवली होती, कारण किऑस्कला आपली बटणं आहेत. पट्टी नको असेल तर 'प्रत्येक पानावर थांबा' ही खूण वेगळी करावी लागते. २००९ मध्ये मी ती केली असणार, जुन्या फायली थांबतात. तेव्हा अशी नोंदवही ठेवली नव्हती, म्हणून आज मामांना फुकट खेळ.

गुरुवार, ३ ऑक्टोबर

घटस्थापना. वाचनालय अर्धा दिवस.

रात्री बातमी आली: मराठीला अभिजात भाषेचा दर्जा. वाचनालयाच्या ग्रुपवर पेढे, हार, भगवे झेंडे. मी त्या वेळी किऑस्कच्या शोधाशी भांडत होतो. चाचणीसाठी शब्द हवा होता, म्हणून 'मराठी' टाकला. मिळाला, सतरा ठिकाणी. मग 'अभिजात' टाकला. स्मरणिकेत एक लेखच त्यावर आहे, शीर्षकातच शब्द आहे. शोध म्हणाला: नाही.

'वाचनालय' मिळतं, 'ग्रंथालय' मिळत नाही. 'कथा' मिळते, 'कविता' मिळत नाही. तासभर शब्द टाकत बसलो, वहीत दोन रकाने केले. डावीकडे मिळणारे, उजवीकडे न मिळणारे. दुसरा चहा झाल्यावर रकानेच बोलले: ऱ्हस्व वेलांटी किंवा जोडाक्षर आलं की शब्द हरवतो.

प्रिंटरकडे शब्द जात नाहीत, हे त्याचं मूळ. वर्डमध्ये 'भि' म्हणजे आधी भ, मग वेलांटी, आपण बोलतो त्या क्रमानं साठवलेली. छापायच्या वेळी विंडोज आकार जुळवतं, आणि कागदावर वेलांटी भ च्या आधी येते. प्रिंटरला जी यादी मिळते ती डावीकडून उजवीकडे बसवायच्या आकारांची: अ, वेलांटी, भ, जा, त. आमचा प्रिंटर त्यातल्या त्यात हुशार, आकाराच्या क्रमांकावरून फॉन्टमध्ये मागे जाऊन अक्षर शोधतो आणि एसडब्ल्यूएफमध्ये लिहितो. पण लिहितो बघितलेल्या क्रमानं. त्यामुळे फाइलमध्ये वेलांटी अ ला लागली आणि भ उघडा राहिला. 'म', 'रा', 'ठी' यांत असं काही घडत नाही, दीर्घ वेलांटी कागदावरही नंतरच येते. म्हणून 'मराठी' सापडते आणि 'अभिजात' सापडत नाही. आजच्या दिवशी!

जोडाक्षरांचं आणखी बिकट. 'ग्र' हा फॉन्टमध्ये एक आकार, पण युनिकोडमध्ये त्याला स्वतःचा क्रमांक नाही, तो ग, हलन्त आणि र अशा तिघांचा बनतो. एसडब्ल्यूएफच्या फॉन्टमध्ये मात्र एका आकाराला एकच क्रमांक लिहायची सोय आहे, सोळा बिटांचा. प्रिंटर तिथे काहीतरी ठोकून देतो. मी फाइल उघडून पाहिली तर 'ग्र', 'त्र', 'क्ष' यांच्यापुढे कोणत्याच लिपीत न बसणारे आकडे.

२००९ मध्ये हे लक्षात कसं आलं नाही? तेव्हाच्या सगळ्या फायली म्हणजे स्कॅन केलेली चित्रं होती. शोध फक्त नावांच्या यादीत होता.

शनिवार, ५ ऑक्टोबर

तोडगा: प्रिंटरकडून शोधाची अपेक्षाच सोडायची. मजकूर वर्डमधून थेट काढायचा, अजून शाबूत असताना, आणि पानवार एका एक्सएमएल, म्हणजे खुणा लावलेल्या साध्या मजकुराच्या, फाइलमध्ये ठेवायचा. किऑस्क शोध त्या फाइलमध्ये घेईल आणि एसडब्ल्यूएफला फक्त सांगेल, अमुक चौकटीवर जा. सापडलेल्या शब्दाला पिवळा रंग देता येणार नाही. तेवढ्यावर बाईंनी सही केली.

तसं करणारा मॅक्रो (वर्डमधला छोटा प्रोग्राम) लिहिला, चालला, किऑस्कवर 'अभिजात' टाकला, पान उघडलं. चुकीचं. एक पान पुढे. 'कविता' दोन पानं पुढे.

वर्ड पानं तोडताना निवडलेल्या प्रिंटरकडे बघतो हे विसरलो होतो. मॅक्रो मी माझ्या नेहमीच्या यंत्रावर चालवला, तिथे डीफॉल्ट लेझर प्रिंटर. तिथे ओळी किंचित वेगळ्या मोडतात, आणि मध्यावर एक ओळ घसरली की पुढचं सगळं घसरतं. तिथे स्मरणिका ५० पानांची होती! एक्सपीच्या यंत्रात, आभासी प्रिंटर डीफॉल्ट करून, तिथेच मॅक्रो चालवला. ४८. जुळलं.

सोमवार, ७ ऑक्टोबर

फाइल इतकी जड की किऑस्क १७ व्या पानावर गुडघे टेकतो. बाकी ४७ पानं मिळून जेवढी, त्याच्या कितीतरी पट हे एकटं पान.

१७ वर देणगीदारांची यादी आणि मागे वाचनालयाच्या इमारतीचं फिकट, पारदर्शक चित्र. छपाईच्या वाटेवर पारदर्शकता पुढे नेता येत नाही, त्यामुळे अख्खं पान, अक्षरांसकट, एकच मोठं चित्र होऊन जातं. प्रिंटरचं रिझोल्यूशन होतं इंचाला ६०० ठिपके. ए४ पान ६०० वर म्हणजे ४९६० गुणिले ७०१६ ठिपके, प्रत्येकाला तीन बाइट, उलगडल्यावर १० कोटी ४४ लाख बाइट. ५१२ एमबीत एक्सपीही राहतं, फ्लॅशही.

रिझोल्यूशन १५० केलं, भार सोळाव्या हिश्श्यावर. पण अक्षरं तुटक. शेवटी चित्राचीच पारदर्शकता काढली, फोटो आधीच फिकट करून साधा मागे टाकला. दिसायला तेच, आणि नावं पुन्हा नावं झाली. यात पाऊण तास, त्यातला अर्धा तास कार्यवाहांना पटवण्यात की इमारत तेवढीच भव्य दिसते आहे.

बुधवार, ९ ऑक्टोबर

सावधगिरी म्हणून दुसरी वाट आजमावली: पीडीएफ करून पीडीएफ-टू-एसडब्ल्यूएफ नावाच्या मुक्त साधनानं बदलणे. प्रिंटर नाही, स्पूलर नाही, काळ्या खिडकीत एक ओळ. मी फ्लॅश आवृत्ती ९ मागितली आणि किऑस्कवर पांढरा पडदा. ९ पासून फ्लॅशमध्ये दुसरं इंजिन आलं. आपला किऑस्क जुन्या इंजिनावरचा, त्याला नव्या इंजिनाची फाइल पोटात घेता येत नाही. आवृत्ती ८ मागितली, प्रत्येक पानावर थांबण्याचा पर्याय जोडला, चाललं.

प्रामाणिकपणे: हेच आधी करायला हवं होतं. पण एवढ्यात सगळं लागलंय, बाईंनी पानं तपासलीत. पुढच्या वर्षी हेच. वहीच्या मुखपृष्ठावर लिहून ठेवलं.

शनिवार, १२ ऑक्टोबर

दसरा. सुट्टी, तरी फोन. "पानं आपोआप उलटतायत." माझ्या पोटात खड्डा, 'थांबा' ची खूण परत गेली की काय. जाऊन पाहिलं तर यंत्रपूजा झालेली, किऑस्कवर झेंडूचा भरघोस हार, एक फूल पडद्याच्या उजव्या कोपऱ्यावर लोंबतंय. तिथेच 'पुढील पान'. हा टचस्क्रीन पडद्यासमोरून जाणाऱ्या अदृश्य किरणांवर चालतो, बोट काय आणि झेंडू काय. पंखा लागला की फूल हलतं आणि स्मरणिका पुढे सरकते.

हार वर सरकवला. आपटा घेतला, घरी.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

सकाळी दहाला उद्घाटन. आमदारांनी 'अभिजात' टाकलं, मी बाईंना तसं आधीच सुचवायला सांगितलं होतं. पान उघडलं, टाळ्या. शाळेच्या मुलांनी स्वतःची आडनावं शोधली, देणगीदारांच्या पानावर गर्दी. चहा, वडे.

दुपारी विधानसभा निवडणुकीची घोषणा झाली आणि आचारसंहिता लागू. साडेचारला कार्यवाहांचा फोन, आवाज खाली: "अहो, तिसऱ्या पानावर साहेबांचा फोटो आहे शुभेच्छांसह. आपण अनुदानित. ते पान झाकता येईल का, आजच?"

वर्ड उघडून, पान काढून, पुन्हा छापायला लागलो तर सगळे क्रमांक एकेक मागे येणार, एक्सएमएल परत, तपासणी परत. त्यापेक्षा किऑस्कच्या कोडमध्ये एक ओळ घातली: तिसऱ्या चौकटीवर आलास तर चौथीवर जा. मागं येताना दुसरीवर. एक्सएमएलमधून तिसऱ्या पानाचा मजकूर काढून बाजूला ठेवला, नाहीतर शोधात नाव निघेल.

निकालानंतर ती ओळ काढायची आहे. मामांना आठवण करायला सांगून आलो.